जबाब झाला, आता मनाचं काय?

जळीत वॉर्डात बाईच्या मनाची चौकशी बहुधा एकदाच होते. नायब तहसीलदार जबाब घ्यायला येतात तेव्हा. डॉक्टर लिहून देतात, रुग्ण शुद्धीवर आहे, जबाब देऊ शकते. पुढे त्या मनाकडे कोण फिरकतं? नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मनोविकारशास्त्र विभाग आहे. पण त्या डॉक्टरांचं नाव काढलं की माहेरचेच आडवे येतात, “डोक्याचा डॉक्टर आला की सासरचे म्हणणार, बघा, वेडीच होती!”

ही भीती पोकळ नाही. ‘स्टोव्हचा भडका’ आणि ‘डोक्यावर परिणाम’ या दोन सबबी आपल्याकडे जुन्या आहेत. पण या भीतीपोटी उपचार नाकारणं म्हणजे सासरच्यांचंच काम सोपं करणं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 86 मधली क्रूरतेची व्याख्या (जुन्या 498-अ मध्येही ती होतीच) शरीराबरोबर मानसिक आरोग्याला पोचलेली गंभीर इजाही मोजते. मग तज्ज्ञाने नोंदवलेलं नैराश्य कोणाच्या विरोधात जाईल? जबाबाचं म्हणाल, तर 2002 मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की जबाब घेणाऱ्याची रुग्णाच्या शुद्धीबद्दल खात्री पटली असेल तर डॉक्टरचा दाखला नसला तरी चालतो. प्रश्न त्या घडीच्या शुद्धीचा आहे. झोप उडणं, धास्ती, नैराश्य म्हणजे वेड नव्हे.

आणि तिनेच पेटवून घेतलं असेल तर? पोलीस केसच्या धाकाने घरचे ते लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 115 अशा माणसाला तीव्र ताणाखालचा समजतं, त्याला शिक्षा करत नाही, उलट त्याचे उपचार आणि पुनर्वसन सरकारवर टाकतं. लपवाछपवीत हा हक्कच बुडतो.

“आधी जीव, मग मन” हा दुसरा आक्षेप शहाणपणाचा वाटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता तो खराही आहे. नंतर मात्र रोजचं ड्रेसिंग येतं, त्याच्या नुसत्या चाहुलीने अंग कापतं. रात्री डोळा लागला की भडका दिसतो, खाज झोपू देत नाही. मन मेलेलं माणूस जेवत नाही, आणि प्रथिनं पोटात गेली नाहीत तर जखम भरत नाही. व्यायाम टाळला की मान, कोपर आखडतात. घट्ट पट्टे महिनोन्‌महिने घालायचे असतात, ते कोणाच्या उमेदीवर? कातडीचा इलाज मनाला वगळून होतच नाही.

डीपीवर फ्यूज टाकताना भाजलेल्या शेतकऱ्याचं बघा. तिथे सासर नाही, संशय नाही, तरी त्याचीही झोप उडते. लातूरकरांना हे नवं नसावं. 1993 च्या किल्लारी भूकंपातून वाचलेल्यांमध्ये तज्ज्ञांना अशाच मानसिक व्याधी आढळल्या होत्या.

तेव्हा जळीत वॉर्डाच्या रोजच्या राउंडमध्येच मनोविकारतज्ज्ञ हवा, नातेवाइकांनी मागितला तर बोलवायचा पाहुणा म्हणून नको. तो बोलताना सासरचं-माहेरचं कोणी खाटेजवळ नसावं. आणि घरी सोडताना व्रणांच्या तपासणीची तारीख दिली जाते, त्याच कागदावर मनाच्या तपासणीचीही लिहावी.