तजवीज

शोकसभेला गेलं की एक गोष्ट हटकून दिसते. गेलेल्या माणसाची पदं, पुरस्कार, संस्था यांवर वक्ते भरभरून बोलतात आणि घराचा विषय निघाला की 'ते कुटुंबवत्सल होते' एवढं म्हणून पुढे सरकतात. नवरा, वडील, आजोबा म्हणून तो माणूस रोज काय करत होता, हे सांगायचं राहूनच जातं. ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून आज दिनकर धोंडो कर्वे यांच्याविषयी लिहितो आहे.

दिनकररावांची ओळख बहुतेक वेळा नात्यानेच करून दिली जाते. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांचे धाकटे भाऊ, मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाईंचे यजमान, लेखिका गौरी देशपांडे यांचे वडील. ते स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यही झाले. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम घरात झालं, आणि त्याची नोंद कुठल्याही संस्थेच्या अहवालात सापडणार नाही.

ते ज्या घरात वाढले तिथे वडील, म्हणजे महर्षी कर्वे, घरचे अण्णा, समाजाला वाहिलेले होते. १८९३ साली अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. पुढे त्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया झाल्या. अण्णांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी बहिष्कार घातला तो दोघांनी सोसला. १८९६ साली अण्णांचा विधवांसाठीचा आश्रम निघाला, पुढे तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमधली शिकवणी आटोपून अण्णा हिंगण्याची वाट पायी तुडवत. पैसा आला की त्यावर पहिला हक्क आश्रमाचा. घरात ओढाताण किती होती ते बायांनी 'माझे पुराण'मध्ये मोकळेपणाने सांगितलं आहे. या बाईच्या पोटी जन्मलेल्या मुलाने आईची ओढाताण जवळून पाहिली होती. तो पुढे जसा नवरा झाला, त्याचं मूळ मला तिथे दिसतं.

इरावती करमरकर ब्रह्मदेशात जन्मलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या, रँग्लर परांजप्यांच्या घरात वाढलेल्या. लग्नानंतर त्यांनी मुंबईला समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. केलं. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आले होते. आता इरावतीने तिकडे जावं, असं त्यांनी ठरवलं. विरोध झाला तो अण्णांकडून. ज्यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेचं परदेशी जाणं पटलं नाही. दिनकररावांनी वडिलांशी नातं तोडलं नाही आणि बेतही सोडला नाही. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि बायकोला बर्लिनला पाठवलं. मानवी कवटीतल्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकावर प्रबंध लिहून १९३० साली त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या.

'माझी काही हरकत नाही' असं नवऱ्याने म्हटलं की अजूनही आपल्याकडे त्याला मोठ्या मनाचा समजतात. हरकत नसायला पैसे लागत नाहीत आणि कुणाचा रोषही ओढवत नाही. दिनकररावांनी कर्ज डोक्यावर घेतलं, वडिलांची नाराजी पत्करली आणि ऐन तारुण्यात विरह सोसला.

परतल्यावर आणखी कठीण भाग सुरू झाला, कारण तो रोजचा होता. दोघांत बायकोची बुद्धी अधिक झेपावणारी आहे हे त्यांनी लवकर ओळखलं आणि ते ओळखून कडवट झाले नाहीत. त्या पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई. नवऱ्याला नावाने हाक मारणाऱ्या, मंगळसूत्र-कुंकवाचं बंधन न मानणाऱ्या. घरच्यांच्या आठवणींतले दिनकरराव त्या स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना आणि बाईंच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, हे स्वतः बघतात. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. नात्यागोत्यांच्या रचनेवर विचार करत बाहेर पडलेल्या माणसाला वाटेत पेट्रोल आठवू नये, एवढ्यासाठी ते कुणीतरी आधीच आठवून ठेवलेलं होतं. डेक्कन कॉलेजमधली तीन दशकांची नोकरी, गावोगावच्या मोजमापांचे दौरे, 'युगान्त', या सगळ्याखाली हा आधार आहे.

वडिलांविषयी त्यांच्या मनात आदर होता, पण आंधळेपणा नव्हता. 'द न्यू ब्राह्मन्स' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १९६३ साली आलं. अण्णा आदल्याच वर्षी, १०५व्या वर्षात, गेले होते. त्या पुस्तकात त्यांनी अण्णांची कहाणी घेतली, आईचीही घेतली आणि इरावतीबाईंनी सासऱ्यांवर लिहिलेला लेखही घेतला. थोर माणसाच्या थोरपणाची किंमत घरच्यांनी कशी मोजली, हे त्या लेखात आडपडदा न ठेवता आलं आहे. भारतरत्न वडिलांविषयी बायकोचं परखड मत मुलाने स्वतःच्या पुस्तकात छापावं, यात मला दोघांवरचं प्रेम दिसतं.

जाई, आनंद आणि गौरी ही तीन मुलं. जाई निंबकर कादंबरीकार झाल्या, आनंद कर्वे यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासारखं ग्रामीण तंत्रज्ञान उभं केलं, गौरीबाईंनी मराठी कथेतल्या बाईला नवा आवाज दिला आणि 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड मराठीत आणले. नातवंडांत फलटणला शाळा चालवणाऱ्या मंजिरी निंबकर आहेत, मेंढ्यांवर संशोधन करणाऱ्या चंदा निंबकर आहेत, बिनधुराच्या चुलींवर काम करणाऱ्या प्रियदर्शिनी कर्वे आहेत आणि आजीचं चरित्र लिहिणाऱ्या ऊर्मिला देशपांडेही. याचं श्रेय एकट्या आजोबांना द्यायचं कारण नाही. पण बाईचं काम हे घरचं काम मानणारा पुरुष ज्या घरात असतो, तिथल्या मुलींना आपल्या कामासाठी वेगळी परवानगी मागावी लागत नाही, एवढं मी खात्रीने म्हणेन.

अण्णांना भारतरत्न मिळालं, इरावतीबाईंना साहित्य अकादमी. दिनकररावांच्या नवरेपणाला पुरस्कार नाही, आणि नसला तरी चालेल. पण लग्न ठरलेल्या मुलांना अण्णांच्या बरोबरीने दिनकररावही सांगितले पाहिजेत. दोघांपैकी ज्याचं काम मोठं होऊ शकतं ते डोळे उघडे ठेवून ओळखावं, आणि ते अडणार नाही याची जबाबदारी उचलावी. एकदा उचलली की मग जन्मभर, कुणी विचारो न विचारो, निभवावी.