सहल घराची, सुट्टी कुणाची?



मे महिना आला की घरात कुणीतरी म्हणतंच, "दोन दिवस डोंगरात कुठंतरी निवांत जाऊन येऊ." हे वाक्य कोण बोलतं ते जरा बघा. बहुतेक वेळा स्वतःचे दोन शर्ट बॅगेत टाकले की ज्यांची तयारी संपते, तेच बोलतात. बाकीची तयारी कुणाची, ते तुम्हाला सांगायला नको. सूर्य मावळल्यावर तळण काढायचं नाही, म्हणून शुक्रवारी भर दुपारी कढईपुढं उभं राहायचं. पुऱ्या, दशम्या, शंकरपाळी, चिवडा, लाडू, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी. मग गाळून-उकळून भरलेल्या पाण्याचे कॅन, शेगडी, कुकर, ताटं, चमचे. गाडीची डिकी भरते आणि पोचल्यावर पहिला प्रश्न येतो, "वहिनी, चहाचं काय?"

याला निवांत सहल म्हणायला माझी हरकत आहे. यात स्वयंपाकघर घरातून उचलून डोंगरात नेलेलं असतं आणि तिथं ना आपला ओटा असतो, ना नळ.

आणि कारण काय दिलं जातं? धर्म. "आपलं बाहेर काही चालत नाही ना, मग करावंच लागतं." सासूबाई हेच म्हणतात, जाऊबाई हेच म्हणतात, आणि आपणही मान हलवतो. मला आज याच्याशीच भांडायचं आहे. आपल्या धर्मानं बाईला सहलीत राबायला सांगितलेलं नाही. उलट श्रावकाची व्रतं नीट उघडून बघितली, तर दोन दिवसांच्या विश्रांतीचा याहून चांगला आराखडा कुठल्याही टूरवाल्याकडं मिळणार नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूरच्या बाजूचं उदाहरण घेऊ या. चांदोली राष्ट्रीय उद्यान आपल्यापासून दोन-तीन तासांवर आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे जिथं मिळतात, तिथं सह्याद्रीच्या माथ्यावर हे सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली, त्यांत चांदोली आहे. वारणेचं धरण, गवे, सांबर, अस्वल, शेकरू, धनेश, आणि मे महिन्यात करवंदांनी काळ्या झालेल्या जाळ्या. या जंगलासाठी आणि धरणासाठी कित्येक गावांना आपली घरं सोडून दुसरीकडं वसावं लागलं. एवढ्या किमतीला मिळालेल्या शांततेत आपण दोन दिवस पाहुणे म्हणून जातो, हे लक्षात असू दे.

पहिलं भांडण: "एवढं लांब गेलोच आहे तर..."

आपल्याकडची दोन दिवसांची योजना कशी असते? शनिवारी सकाळी चांदोली, दुपारी धरण, संध्याकाळी आंबा घाट, रविवारी विशाळगड, येता येता पन्हाळा. रविवारी रात्री घरी आल्यावर मुलांना विचारा काय बघितलं. ती गाडीतल्या गाण्यांची नावं सांगतील.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांमध्ये दिग्व्रतानंतर देशव्रत येतं. आपल्या श्वेतांबर मैत्रिणी त्याला देशावकाशिक म्हणतात. ठराविक काळासाठी आपल्या फिरण्याची हद्द आखून घ्यायची: आज या गावाबाहेर जाणार नाही, या ओढ्यापलीकडं जाणार नाही. आपण हे व्रत पर्युषणात, दशलक्षणात ऐकतो आणि प्रवचन संपलं की विसरतो. ते सहलीलाच का लावू नये? शनिवारी दुपारी वारणावतीच्या बाजूला मुक्कामाला पोचलो की रविवारी दुपारी निघेपर्यंत हद्द ठरलेली: मुक्काम, जंगलातली एक फेरी, आणि धरणाच्या बाजूला एक पायी चक्कर. बस्स. पन्हाळा कुठं पळून जात नाही.

"मुलांना कंटाळा येईल" हे उत्तर मला माहीत आहे. येऊ दे. कंटाळलेलं मूलच मुंग्यांची रांग कुठून कुठं जाते ते बघत बसतं. कुंभोजच्या बाहुबलीला आपण त्यांना दर वर्षी नेतो, त्या २८ फुटी मूर्तीपुढं हात जोडायला लावतो. बाहुबली एका जागी इतके स्थिर उभे राहिले की वेली अंगावर चढल्या, ही गोष्टही सांगतो. आणि मग त्याच मुलांना एका जागी अर्धा तास बसायला आपण कधीच मिळू देत नाही.

दुसरं भांडण: डब्यांचा डोंगर

परिग्रहाचं परिमाण फक्त दागिन्यांना आणि जमिनीला लागू होतं, असं आपण धरून चाललोय का? दोन दिवसांना अकरा पदार्थ हाही परिग्रहच आहे, आणि तो वाहायचा आपल्या कमरेनं.

उन्हाळ्यात पिठाची मर्यादा पाच दिवसांची सांगितली आहे, म्हणजे शुक्रवारी दळलेलं पीठ रविवारपर्यंत निर्धास्त चालतं. पीठ, मुगाची डाळ, तांदूळ, तूप, जिरं, मीठ, गूळ एवढं घ्या. एका जेवणाला मुगाची खिचडी, दुसऱ्याला भाकरी आणि कांद्याशिवायचं पिठलं. वाटेत खायला एकच कोरडा पदार्थ आणि फळं. ज्यांना गावातल्या शाकाहारी घरचं जेवण चालतं, त्यांनी आधी फोन करून कांदा, लसूण, बटाटा न घालता सांगून ठेवावं. भाकरी-आमटी करणाऱ्या माउलीला ते अवघड नसतं आणि तिच्या घरी चार पैसेही जातात. ज्यांना दुसऱ्याच्या चुलीवरचं चालत नाही, त्यांच्या नियमाचा मला पूर्ण आदर आहे. पण नियम सगळ्या घराचा असेल, तर चूलही सगळ्या घराची. खिचडीचा कुकर लावायला कुठलीही दीक्षा लागत नाही. पाणी गाळायचं फडकं दीरांच्या हातात द्या, ताटं मुलांकडं द्या, आणि "अहो, आज खिचडी तुमची" असं गाडीत बसायच्या आधीच सांगा. तिथं पोचल्यावर सांगितलं तर ऐकू येत नाही.

"बायकांशिवाय सोवळं-शुद्धी कुणाला जमणार?" असं म्हणणाऱ्यांना एकच सांगायचं आहे. आपले त्यागी-व्रती पुरुष स्वतःच्या आहाराची शुद्धी किती काटेकोर सांभाळतात ते आपण बघतो. मग आपल्या घरातल्या पुरुषांना दोन दिवस पाणी गाळणं का जमू नये?

तिसरं भांडण: "सहलीत चालतं हो"

डबे नकोत म्हटलं की दुसऱ्या टोकाचे लोक पुढं येतात. "दोन दिवस नियम बाजूला ठेवा, रात्री शेकोटीभोवती जेवू, मजा करू." यांच्याशीही माझं जमत नाही, कारण नियम मोडला की मजा वाढते हेच मुळात खोटं आहे.

जंगलाचं वेळापत्रक बघा. मे महिन्यात आपल्याकडं सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. गवे, सांबर उघड्यावर दिसायची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांजेच्या आधीची घटका. दिवस मावळायच्या आत उद्यानाबाहेर यायचं असतं. ज्यांचं जेवण सूर्यास्ताआधी दोन घटिका उरकतं, त्यांची संध्याकाळ सहा-सव्वासहालाच मोकळी होते. भांडी झाली, आवरलं, आता काही करायचं नाही. रिसॉर्टमध्ये रात्री साडेदहाला जेवणारा माणूस सकाळी नऊला उठतो, तोवर जंगलाचा निम्मा दिवस संपलेला असतो. आपला चौविहार जंगलाच्या घड्याळाला इतका चपखल बसतो की तो सोडायचा विचार कुणाच्या मनात येतो कसा, याचंच मला नवल वाटतं.

मे अखेरीस वळवाच्या सरी पडून गेल्या की सह्याद्रीत काजवे दिसायला लागतात. जेवून-आवरून अंधारात गप्प बसलेल्यांना ते दिसतात. डीजे आणि टॉर्च लावलेल्यांना नाही.

आणि शेकोटी? अनर्थदंडात प्रमादचर्या सांगितली आहे: कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, विस्तव पेटवणं, झाडाची पानं-फांद्या तोडणं. मे महिन्यातलं वाळलेलं गवत, एक ठिणगी, आणि वणवा. त्या गवतात किती जीव असतात याची मोजदाद कुणी करू शकणार नाही. उकडत असताना पेटवलेल्या शेकोटीला दुसरं नाव नाही, ती अनर्थदंडच आहे.

चौथं भांडण: माकडांना बिस्किटं

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हे आपण पुण्य समजून करतो. घाटात गाडी थांबते, खिडकीतून पुरी, केळं, बिस्किट बाहेर जातं आणि मागून आवाज येतो, "जीवदया हो!"

यात कुठली दया? माकड रस्त्यावर येऊन बसायला शिकतं, गाडीखाली येतं. खाणं नाही मिळालं की पोरांच्या हातातून ओढतं, चावतं, आणि मग त्यालाच पकडायला माणसं बोलवावी लागतात. आपल्या मिठाचं, साखरेचं अन्न त्याच्या पोटासाठी नाही. राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांना खायला घालायला मनाई आहे ती उगीच नाही. ज्या जीवाला आपली गरज नाही, त्याच्या वाटेत न येणं हीच तिथली जीवदया. पिशव्या, रॅपर, फळांच्या सालीसुद्धा परत घरी आणायच्या. हॉर्न नाही, मोबाईलवर गाणी नाहीत. अहिंसा आपण पाळतो असं जगाला सांगणाऱ्या समाजाच्या गाड्या जंगलात सगळ्यात शांत असायला हव्यात. सध्या तशा असतात का, ते तुम्हीच सांगा.

आता निघायच्या आधी करायच्या गोष्टी. पावसाळ्यात उद्यानाचं फाटक बंद असतं. आपल्या साधूंचा विहारही साधारण त्याच दिवसांत चातुर्मासासाठी थांबतो, म्हणून जायचं ते त्याआधीच. आत जायच्या वेळा, वाहन आणि शुल्क वनखात्याकडं आधी विचारून घ्या. हे फोन तुम्ही करू नका. ज्यांनी "निवांत जाऊ" म्हटलं, त्यांना करू द्या.

आणि पुढच्या वेळी घरात ते वाक्य निघालं, की लगेच हो म्हणू नका. कागद घ्या. एका बाजूला कामं लिहा, पुढं नावं लिहा. सगळ्या कामांपुढं एकच नाव येत असेल तर तो कागद जेवणाच्या टेबलावर सगळ्यांपुढं ठेवा आणि शांतपणे सांगा, "ही सहल अजून ठरलेली नाही." चिडायचं नाही, रडायचं नाही, पण कागद उचलायचाही नाही. दोन-तीन नावं बदलली की मगच पिठाचं दळण टाकायचं.

तुमच्या घरी तो कागद ठेवल्यावर काय झालं, ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.