बघ्यांची शाळा

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात माणसाच्या हातांनी काय घडवले नाही? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. मग टेल्कोचे ट्रक आले, आकुर्डीच्या बजाजच्या स्कूटरी आल्या, पुढे चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले. भोसरीच्या एखाद्या गाळ्यात लेथवर उभा असलेला टर्नर जॉबवरून बोट फिरवतो आणि अजून किती माल काढायचा ते सांगतो. त्याच टर्नरचे मूल शाळेत काय करते? ते बघते. भिंतीवरच्या पडद्यावर बी रुजताना बघते, बॅटरीला तार जोडून दिवा लागताना बघते, चुंबकाने खिळे ओढलेले बघते. स्वतः बी पेरत नाही, तार सोलत नाही, चुंबक हातात धरत नाही. जिथे देशभरातून माणसे वस्तू घडवायला येतात, तिथे आपण आपल्या मुलांना बघे करून ठेवले आहे आणि त्याला आधुनिक शिक्षण असे नाव दिले आहे.

हा आरोप मी शिक्षकांवर ठेवत नाही. तो पालकांवर, कारखानदारांवर, नगरसेवकांवर आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवणाऱ्या आपल्या सगळ्यांवर आहे.

स्मार्ट बोर्ड शाळेत कसा येतो ते पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. चाकण-तळेगावच्या पट्ट्यात हा पैसा लहान नाही. मार्चअखेर जवळ आली की तो संपवायचा असतो, आणि बोर्ड, टॅब, ई-लर्निंगचे संच या मोजायला सर्वांत सोप्या वस्तू. फीत कापली जाते, फोटो निघतो, अहवालात शाळांची संख्या लिहिली जाते. बाईंना त्या संचावर काय शिकवायचे आहे, हे कोणी विचारत नाही. पुढे दुरुस्तीला पैसे नसतात, शाळेचे वीजबिल थकते, आणि संच कपाटात जातो. चालू असतो तेव्हाही तो बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकातलाच धडा रंगीत चित्रांसह वाचून दाखवतो. शेवटी चार पर्याय येतात, त्यातला एक बरोबर. घोकंपट्टीला आपण वीज जोडली, एवढेच झाले.

युनेस्कोने २०२३ च्या आपल्या जागतिक अहवालात हाच इशारा दिला आहे: तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वर्गात येते आहे ते तपासा, आणि ते शिक्षकाची जागा घेणार नाही हे पाहा. आपल्या देशाच्या ग्रामीण भागातली स्थिती ‘असर’च्या २०२४ च्या शैक्षणिक पाहणीत दिसली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी सुमारे ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के. यंत्र मुलांच्या हातात आपणच दिले. त्याने काय घडवता येते हे दाखवायला मात्र त्यांच्याजवळ कोणी बसले नाही.

आता घराकडे या. वाकड, पिंपळे सौदागर, मोशीच्या सोसायट्यांत राहणारा सुशिक्षित पालक रोबोटिक्सच्या वर्गाला हजारो रुपये भरतो. तिथे मूल पत्रकात दाखवल्याप्रमाणे तुकडा तुकड्याला जोडते. चुकायला वाव नाही, म्हणून शोधायलाही वाव नाही. शाळेने प्रकल्प सांगितला की हाच पालक स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणतो, नाहीतर रात्री जागून स्वतः तक्ता रंगवतो. निबंध आता फोनमधले यंत्र लिहून देते. त्यावर गुण मिळतात आणि आईबाप समाधानाने झोपतात. लाडाच्या नावाखाली केलेली ही लूट आहे. मुलाच्या हातून चूक होण्याचा, ती दुरुस्त करण्याचा आणि ‘हे मी केले’ म्हणण्याचा हक्क त्याच्या जन्मदात्यांनीच विकत घेतला आहे.

आणि ज्यांनी हे थांबवायचे ते शिक्षक? जिल्हा परिषद आणि महापालिका शाळांतला शिक्षक आज माहिती भरतो आहे. शालेय पोषण आहाराची नोंद, यू-डायस आणि सरल ही सरकारी पोर्टले, हजेरीचे अ‍ॅप, प्रत्येक उपक्रमाचा फोटो. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून अन्य बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. ऑनलाइन माहितीचे ओझे त्या कलमाच्या शब्दांतून सुटत असेल. त्याच्या हेतूतून सुटत नाही. ज्या तंत्रज्ञानाने गुरुजींचा वेळ वाचायचा, त्यानेच तो खाल्ला. मुलांच्या घोळक्यात बसून प्रयोग करण्याची त्यांची वेळ फोटो अपलोड करण्यात जाते.

पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला दोष जुना आहे. आपल्या समाजाला हाताचे काम हलके वाटते. शतकानुशतके आपण लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांच्या हातात सारी विद्या असताना त्यांना विद्येपासून दूर ठेवले, आणि ज्याच्या हाताला माती लागत नाही त्याला विद्वान म्हटले. कारखाने आले तरी मनातली ही उतरंड मोडली नाही. तीन शिफ्टमध्ये राबणारा बापही पोराला सांगतो, शिक, नाहीतर माझ्यासारखा कंपनीत घासशील. आयटीआयला नापासांची जागा मानणारे आपणच.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमातून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आरोप. प्राथमिक शिक्षकाला निदान १२ रुपये पगार हवा, मुलांना हिशेब, शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान मिळावे, ही मागणी. हे सांगणारा माणूस ओतकामाचे साहित्य विकत होता, बांधकामाची कंत्राटे घेत होता. कामाचा आणि ज्ञानाचा संबंध त्याने अनुभवला होता. आज रयतेच्या जागी या पट्ट्यातला कंत्राटी कामगार उभा आहे. त्याच्या श्रमावर पिंपरी-चिंचवडची श्रीमंत महापालिका म्हणून ख्याती झाली. त्याच्या पत्र्याच्या खोलीतल्या मुलाला आपण काय परत केले?

दुसरा मार्ग माहीत नव्हता, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. तो याच मातीतून गेला आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून शिकून टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यात लागले. १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथल्या खेड्यांतल्या शाळांत १९७२ पासून मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत होती. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांपासून गुप्तांनी त्रिकोण, चौकोन, घन जोडून दाखवले. चौकोन बोटाने ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला त्या क्षणी बोटांतून कळते. कोणत्याही पडद्याला ते जमणार नाही. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी केली आणि ती कशी करायची याच्या छोट्या चित्रफिती सर्वांना मोफत दिल्या. तंत्रज्ञानाचा हाच खरा उपयोग: दोन मिनिटे बघायचे, मग पडदा बंद करून करायला बसायचे.

राजगुरुनगरहून पूर्वेला पाबळचा रस्ता धरा. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जागा सोडून तिथल्या दुष्काळी माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, माती परीक्षण करू लागली. हाताने काम करताना बुद्धी वाढते, यावर कलबागांचा विश्वास होता. त्यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा शाळांसाठीचा अभ्यासक्रम तयार झाला आणि त्याला राज्याच्या एसएससी मंडळाची मान्यता मिळाली. आठवड्यातला एक दिवस मुले गावाला लागणारे खरे काम करतात, त्याचा खर्च काढतात, चित्र काढतात, हिशेब लिहितात. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक या पाबळमध्ये आली. मुंबई-पुण्याच्या श्रीमंत शाळांना जे सुचले नाही ते पाबळला मिळाले, कारण तिथे हात आधीच कामाला लागलेले होते. आपल्या शाळांच्या सहली मात्र वॉटर पार्कला जातात.

पाबळच्या त्याच रस्त्यावर कनेरसर गावाच्या हद्दीत जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा आहे. २०२२ साली पटावर अवघी ३ मुले उरली होती, शाळा बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले, गावाने साथ दिली, पट शंभरावर गेला. मुले एकमेकांचे विषयमित्र होऊन एकमेकांना शिकवू लागली, आणि २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकमताचा पुरस्कार या शाळेला मिळाला. लगेच हार आले, फलक लागले. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हाही हेच घडले होते. एका गुरुजींचा सत्कार केला की शेजारच्या दहा शाळांबद्दलची आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. सत्कार करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले?

मागणी साधी आहे आणि ती आजच पुरी होऊ शकते. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला पालकांची बहुसंख्या असलेली व्यवस्थापन समिती दिली आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येक समितीने येत्या सभेत ठराव करावा आणि जवळच्या कारखान्याला कळवावा: पुढच्या निधीतून आम्हाला बोर्ड नको, कामाचे मजबूत टेबल हवे, त्यावर व्हाइस, कानस, करवत, पकड, मल्टिमीटर हवा, आणि त्या सामानाचा पाच वर्षांचा खर्च हवा. टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर आणि टर्नर चिंचवड, निगडी, भोसरीत घरोघरी आहेत. त्यांना मानधन देऊन दर शनिवारी शाळेत बोलवावे. ज्या भंगाराच्या ठेक्यांवरून इथे माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, त्यातला मुलांच्या हाताला न कापणारा, घासून साफ केलेला माल कारखान्यांनी थेट शाळांना द्यावा. आणि त्या शनिवारी शाळेत कोणीही कोणत्याही पोर्टलसाठी फोटो मागू नये, असा लेखी आदेश गटशिक्षणाधिकाऱ्यांनी काढावा.