घारापुरीत कोणत्या बाजूने पाहावे?

मुंबईच्या धक्क्यावरून तासाभराचा जलप्रवास करून आलेला प्रवासी घारापुरीच्या पायऱ्या चढतो, उत्तरेच्या दाराने लेण्यात शिरतो आणि समोरच्या भिंतीतील प्रचंड मुखत्रयापुढे उभा राहतो. ही ‘त्रिमूर्ती’ असे त्याला सांगण्यात येते. वस्तुतः ते ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत. तो एकटा सदाशिव आहे: डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे स्त्रीसुलभ वामदेव आणि मध्ये अर्धोन्मीलित नेत्रांचे शांत मुख. छायाचित्र निघते आणि परतीच्या बोटीची वेळ होते.

कलेतिहासाच्या अनेक ग्रंथांनी याच प्रवाशाला प्रेक्षक मानले आहे. तो एका जागी उभा असतो, त्याला फक्त डोळे असतात, आणि पाय जणू नसतातच.

परंतु या लेण्याला दुसरा एक अक्ष आहे. उत्तरेकडून आत गेल्यावर सरळ न जाता डावीकडे वळून पूर्वेच्या चौकापर्यंत जावे आणि तेथून मागे फिरून पाहावे. आता समोर येते ते चार दारांचे गर्भगृह. प्रत्येक दाराशी भव्य द्वारपाल आणि आत केवळ लिंग; त्याला ना मुख, ना भाव. सदाशिव या वाटेवर समोर नाही, तो डाव्या हाताला अंधारात राहतो. गर्भगृह उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालू लागले की प्रथम शिवपार्वतीचा विवाह भेटतो आणि पलीकडच्या भिंतीवर अंधकासुराचा वध. जी कोमलता आणि जी उग्रता सदाशिवाच्या दोन मुखांत एकवटली आहे, ती येथे चालता चालता, एकीमागून एक अनुभवास येते. सहाव्या शतकातील शिल्पकारांनी पाथरवटांच्या घामातून घडविला तो हा चालण्याचा अनुभव, असे मला वाटते. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. लेण्यातील कोरीव लेखाची शिळा पोर्तुगीजांनी आपल्या राजाकडे धाडली, ती पुढे नाहीशीच झाली.

महाशिवरात्रीला लिंगापुढे हात जोडून प्रदक्षिणा घालणाऱ्या आगरी-कोळी स्त्रीला हा दुसरा अक्ष कोणी शिकवावा लागत नाही. ती पुरातन वास्तूची जाणकार नाही, हे मान्य. तिची श्रद्धा माझी नाही, हेही नमूद करतो. तथापि ही वास्तू ज्या रीतीने वापरावी म्हणून खोदली गेली, ती रीत तिच्या पायांना माहीत आहे. ग्रंथ मात्र तिला प्रेक्षक न म्हणता ‘भाविक’ म्हणतात आणि पुढे जातात.

राज्यसंस्थेची दृष्टी तरी कुठे निराळी आहे? १९८७ साली हे लेणे जागतिक वारसा ठरले. त्याच बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वस्त्यांत समुद्राखालच्या तारेने वीज पोहोचली ती २०१८ साली, म्हणजे एकतीस वर्षांनी! लेण्याचे तिकीट चाळीस रुपये. बोटीचे भाडे त्याहून कितीतरी अधिक. कामगार कुटुंबाने वर्षातून एकदा जरी जायचे म्हटले, तरी हिशेब करावा लागतो.

आपल्या युवक शिबिरांच्या सहली घारापुरीला जात असतात. पुढच्या खेपेस साथींनी सकाळची पहिली बोट धरावी, पूर्वेच्या चौकात निवांत बसावे आणि सोबत शहरातला मार्गदर्शक न नेता शेतबंदरच्या एखाद्या रहिवाशालाच, योग्य मोबदला देऊन, लेणे दाखवायला सांगावे.