रात्रपाळी

सात महिन्यांचं लेकरू रात्री तीन-चारदा उठतं म्हटलं की नागपुरात पहिला सल्ला जायफळाचा. माझ्या भाचीला तो सासूबाईंनी दिला, शेजारच्या काकूंनी दिला आणि बर्डीच्या बाजारात झबली घेताना एका अनोळखी बाईनंही देऊन टाकला. "दुधात उगाळून दे न थोडं. रात्रभर हलत नाही मंग पोट्टं."

हलत नाही, यातच सगळं आलं. जायफळ जास्त झालं की नशा आणतं आणि सहाणेवरच्या वळशाचं माप हातागणिक बदलतं. पण सल्ला देणाऱ्यांना मी हसणार नाही. मूल गुंगवण्याची गरज मुलाची कधीच नव्हती. ती होती सकाळी कामावर जायचं असलेल्या माणसांची. मुंबईच्या गिरण्यांमधल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी केली. कामगार बायकांची जवळजवळ सगळीच तान्ही मुलं अफूवर ठेवलेली त्यांना आढळली. अफूच्या त्या गोळीला नावही किती लाडाचं: बाळगोळी. पाळी दहा तासांची, घरात सांभाळायला कोणी नाही, मग आईनं करावं काय? आमच्याकडे १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेल्या एम्प्रेस मिलनं पुढे कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं. अफूवर खरा उतारा तोच होता, मूल धरायला आणखी एक हात. आज मिलच्या जागी मॉल उभा आहे.

बाळगोळी गेली, पण तिची नात अजून घराघरात आहे. पुण्याच्या रात्रीच्या गाडीत बसण्याआधी सर्दीचं, गुंगी आणणारं सिरप चमचाभर पाजणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. यातल्या प्रोमेथाझिनसारख्या औषधानं दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास मंदावू शकतो, म्हणून त्या वयात ते देतच नाहीत. शिवाय २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सिरप पिऊन आजारी पडलेली छिंदवाड्याची लेकरं नागपूरच्या इस्पितळांत येत होती, ते आपण विसरलो नसू. तिथलं सिरप खोकल्याचं होतं, झोपेचं नव्हे. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. तरी डॉक्टरांना न विचारता घरातली बाटली उघडणारा हात आता जरा थबकायला हरकत नाही.

मुळात "रात्रभर झोपणं" म्हणजे काय? नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही; ते घड्याळ तिसऱ्या महिन्याच्या आसपास लागू लागतं. आपल्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं, बाळाचं तासाभराच्या आतलं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आपणही अर्धवट जागे होतोच, फक्त कूस बदलतो आणि विसरतो. बाळाला कूस बदलून विसरणं अजून यायचं असतं. कॅनडातल्या २०१८ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या दर शंभरातली ३८ मुलं सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाची झाल्यावरही २८ झोपत नव्हती. त्यांच्या वाढीत काही कमी आढळलं नाही. भाचीला मी हे आकडे वाचून दाखवले तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

भाचीला दुसरा सल्ला मिळाला मोबाइलमधून: रडू द्या, थोडं थोडं थांबून मग जा. बॉस्टनच्या डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ च्या पुस्तकात मांडलेली ही पद्धत. अशा पद्धतींनी मुलं बिघडत नाहीत, हे ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासलं गेलं. मात्र झोपेतला फायदाही तोवर उरला नव्हता. पण फर्बरसाहेबांना नागपुरातल्या महाल भागातला वाडा कुठे माहीत? तिथे मूल दोन मिनिटं रडलं की आजी दारात, तिसऱ्या मिनिटाला वरच्या मजल्यावरून आवाज: "काहून रडून राह्यलं लेकरू? पोट दुखते का त्याचं?" पाचव्या मिनिटाला ओव्याची पुरचुंडी हजर.

आमचं खरं निद्राशास्त्र म्हणजे कुलर. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेलेल्या गावात बाळ अंगाईवर कमी आणि कुलरच्या घरघरीवर जास्त झोपतं. गाणं रोज तेच, अंधार तोच, घरघर तीच, हे त्याला कळतं आणि तोच त्याचा झोपेचा रस्ता होतो. म्हणून रात्री लाइट गेली की आधी मूल उठतं, मग आपण. जूनमध्ये पाऊस आला, कुलरनं खोली चिकचिकू लागली आणि तो बंद झाला की चांगली झोपणारी मुलंही आठवडाभर बिथरतात. आया म्हणतात दात येऊन राह्यले. येतही असतील. पण मे महिन्यापासूनच रोज त्याच क्रमानं दिवा मंद करणं, अंग पुसणं, तेच एक गाणं, असं ठेवलं तर कुलर गेल्यावर बाकीच्या गोष्टी हाताशी राहतात. वाऱ्याचा झोत थेट बाळावर नको, कुलरला अर्थिंग हवंच. बाळ पाठीवर, सपाट गादीवर, आणि मोहरीची उशी डोक्याला कितीही गोल आकार देवो, झोपताना ती बाजूला. घोरणं, श्वास अडकणं, वजन न वाढणं यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञ. बाकी जागरण हा रोग नाही.

जागरण वाटून घ्यावं लागतं, एवढंच. पूर्वी वाड्यात हात भरपूर होते असं म्हणतात, पण रात्री उठायची आईच. हिंगण्याला नोकरीवर जायला सकाळी सातची बस भाचीला पकडावी लागते, आणि जावई म्हणे, "मला सकाळी ऑफिस आहे." तिला काय जत्रा आहे? आता एक वाजेपर्यंत तो, पुढे ती, पहाटे सासूबाई. मूल अजून उठतंच, दोनदा तरी. बापाच्या खांद्यावर मात्र पाच-दहा मिनिटांत परत झोपतं. सासूबाईंच्या मते ही करामत त्यांनी शनिवारी काढलेल्या दृष्टीची. मीठ-मोहरीनं कोणाचा श्वास मंदावत नाही, त्यामुळे घरात कोणी वाद घातलेला नाही.