वाट बंद, घर सुखरूप

१९९८ साली हैदराबादेस सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली आणि संगणकाच्या धंद्यासाठी तिकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. आपल्या गावांतील एखादा मुलगाही तेथे नोकरीस असतो. तो सुटीत आला म्हणजे सांगतो की, भाड्याच्या खोलीत आपण स्वतःचा सर्व्हर चालवतो. आईबापांना त्याचा बोध होत नाही. म्हणून आज ह्या विषयी दोन शब्द.

एका वाड्यात जशी चार बिऱ्हाडे नांदतात, तसे एका संगणकाच्या पोटात चार कल्पित संगणक नांदू शकतात. एकात घरची लग्नाची व बाप्तिस्म्याची छायाचित्रे, दुसऱ्यात हिशेब, तिसऱ्यात अभ्यासाचे प्रयोग. व्हिएन्ना येथे तयार होणारी 'प्रॉक्समॉक्स' ही प्रणाली २००८ पासून ह्या कामी उपलब्ध आहे. ह्या सर्व बिऱ्हाडांना बाहेर पडण्यास बहुधा वाट एकच असते. संगणकाच्या नेटवर्क कार्डावर बांधलेली ही वाट, हिला 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात.

हा पूल तुटला की सर्व बिऱ्हाडे एकदम मुकी होतात. मग मुलगा घाबरतो आणि सारी प्रणाली नव्याने बसवू लागतो. खरा अनर्थ येथेच घडतो; कारण नव्याने बसवताना निवडलेली डिस्क पुसली जाते. वस्तुतः तोपर्यंत छायाचित्रे डिस्कवर सुखरूप असतात. बंद झालेली असते ती केवळ वाट.

तेव्हा शोध जवळून दूर असा घ्यावा. प्रथम केबल व तिच्या तोंडाशी लुकलुकणारा दिवा पाहावा. दिवाच नसेल तर केबल बदलून पाहावी. नंतर सर्व्हरलाच पडदा व कळफलक जोडून त्याचा पत्ता वाचावा. घर बदलले, नवा राउटर आला, की पुष्कळदा येथेच घोटाळा होतो. जुना राउटर १९२.१६८.१ ह्या आळीचा, नवा १९२.१६८.० ह्या आळीचा. सर्व्हर मात्र लिहून दिलेला जुनाच पत्ता धरून बसतो. पत्ता व राउटरचा क्रमांक, दोन्ही दुरुस्त केले की काम भागते.

पत्ता बरोबर असेल तर पूल तपासावा. संगणकात नवे कार्ड बसवले असता नेटवर्क कार्डाचे नाव कधी कधी बदलते, आणि पूल जुन्याच नावाला बांधलेला राहतो. वाय-फायवर तर असा पूल सहसा चालतच नाही. राउटर आपल्याशी ओळख झालेल्या एका कार्डालाच दाद देतो, मागच्या बिऱ्हाडांना नाही. तेथे केबलच हवी.

यानंतर 'पिंग' ह्या आज्ञेने हाक मारावी. आधी राउटरला, मग ८.८.८.८ ह्या बाहेरच्या क्रमांकाला, शेवटी एखाद्या नावाला. क्रमांक ओ देतो पण नाव देत नाही, तर दोष नावांचे क्रमांक सांगणाऱ्या डीएनएसमध्ये आहे. सर्व बिऱ्हाडे बोलतात व एकच गप्प आहे, तर दोष त्याच बिऱ्हाडाचा. एकच पत्ता दोघांना दिला गेला आहे काय, हे पाहावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वी मूळ मजकूर उतरवून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आईबापांनी ह्यातले काही शिकावे असे नाही. मुलगा पुढच्या सुटीत घरी आला म्हणजे त्याला इतकेच विचारावे: "बाबा रे, आपली छायाचित्रे त्या पेटीखेरीज आणखी कोठे आहेत?" उत्तर देता आले नाही, तर परत जाताना एक वेगळी डिस्क घेऊनच त्याने जावे.