‘काही नाही सर, जरा टेन्शन आहे’

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गाला मी ‘कोसला’ शिकवत होतो. पांडुरंग सांगवीकरच्या परात्मतेवर एका विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध वर्गात सर्वांत सरस होता. अस्तित्ववाद, तुटलेपण, निरर्थकता या संज्ञा त्याने नेमक्या जागी वापरल्या होत्या. पुढे तोंडी परीक्षेच्या आठवड्यात तोच मुलगा जिन्यात भेटला. परीक्षेचे नाव काढले की छातीत धडधडते, हात गार पडतात, रात्री तीनला जाग येते आणि मग झोपच लागत नाही, असे तो खाली पाहत म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, “अरे, पुरुषासारखा पुरुष तू, आणि तोंडी परीक्षेला घाबरतोस?” तो कसनुसा हसला. “काही नाही सर, जरा टेन्शन आहे,” म्हणाला आणि गेला. त्या परीक्षेला तो आला नाही. पुढच्या सत्रालाही नाही.

त्याचे वर्ष माझ्या एका वाक्यामुळे गेले असे मी म्हणत नाही. परंतु कादंबरीतल्या तरुणाची अस्वस्थता तासन्‌तास उलगडून सांगणाऱ्या मला समोरच्या तरुणाची अस्वस्थता ऐकता आली नाही, ही गोष्ट मला अजून छळते. हा दोष माझा एकट्याचा नसून आपल्या वाचनाच्या रीतीचाही आहे, असे आता वाटू लागले आहे.

साठोत्तरी काळातील आपल्या समीक्षेने तरुण नायकाच्या भयाला तत्त्वज्ञानाची प्रतिष्ठा दिली. किर्केगॉरने 1844 मध्ये चिंतेला स्वातंत्र्याची भोवळ मानले होते. तो विचार अस्तित्ववादाबरोबर आपल्याकडे आला आणि त्याने आपले वाचन निश्चितच समृद्ध केले. मात्र भय एकदा ‘मानवी अवस्था’ ठरले की त्यावर निबंध लिहिता येतो, पण त्यावर इलाज विचारणे क्षुल्लक वाटू लागते. माझ्या विद्यार्थ्याला परात्मतेची व्याख्या येत होती. स्वतःच्या गार पडलेल्या हातांचे काय करायचे, हे येत नव्हते.

वास्तविक मराठीला या अनुभवासाठी शब्दांची वाण नाही. काळजी, घोर, हुरहूर, धास्ती, धसका, घालमेल – प्रत्येकाची छटा वेगळी. हुरहुरीचे कारण सापडत नाही. धास्ती पुढे येणाऱ्या गोष्टीची असते. ‘धाकधूक’ या शब्दात तर हृदयाचे ठोकेच ऐकू येतात. पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, जीव टांगणीला लागणे : आपली भाषा चिंतेला शरीरात पाहते, आणि वैद्यकही तेच सांगते. धोक्याची चाहूल लागताच शरीर झुंजायला किंवा पळायला सिद्ध होते. ठोके आणि श्वास वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात. धोका वाघाचा आहे की प्रश्नपत्रिकेचा, याची चौकशी शरीर करीत नाही. पण हे शब्द तरुण पुरुषाने उच्चारले की ते बायकी ठरतात. त्याला मुभा एकाच शब्दाची आहे : टेन्शन. आणि तो शब्द सांगण्यापेक्षा झाकण्यासाठीच अधिक वापरला जातो.

याबाबतीत आपल्या परंपरेतील एक प्रसंग पुन्हा वाचण्याजोगा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे गात्र गळते, तोंडाला कोरड पडते, अंग कापते, त्वचा जळते, धनुष्य हातातून निसटते. एका वीराच्या घबराटीचे याहून बारकाईचे वर्णन क्वचितच सापडेल. आणि त्याला एक सबंध अध्याय दिला आहे, हेही लक्षात घ्यावे. त्यावर कृष्णाची पहिली प्रतिक्रिया काय? हे क्लैब्य तुला शोभत नाही! म्हणजे मी जिन्यात म्हटले तेच. परंतु या टोमण्याने अर्जुन उठत नाही. तो आपले म्हणणे पुन्हा मांडतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. खरा संवाद त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. पौरुषाला डिवचणे हा उपाय साक्षात कृष्णाच्या हातूनही लागू पडला नाही, हा कथाभाग आपण तत्त्वज्ञानाच्या घाईत ओलांडून जातो. अर्थात कृष्णाला अर्जुन लढायला हवा होता. आपल्या विद्यार्थ्याला मात्र एखादी लढाई सोडून देण्याचीही मोकळीक असली पाहिजे.

पांडुरंगकडेही मी आता निराळ्या दृष्टीने पाहतो. 1963 मध्ये ‘कोसला’ आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. तिच्या थट्टेखोर, बेपर्वा निवेदनाची आपण शैली म्हणून वाखाणणी केली. ती शैली आहेच. पण खानदेशातून पुण्याला शिकायला आलेल्या, अपयश घेऊन गावी परतलेल्या मुलाची ती ढालही आहे. मनीच्या मृत्यूपाशी ही ढाल गळून पडते. आज पुण्याच्याच सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले गावाकडून आलेल्या पैशांचा आणि सरत्या वयाचा हिशेब मनात वागवत बसतात. त्यांच्या विनोदातही मला तीच ढाल दिसते.

चिंताविकारांचे निदान स्त्रियांमध्ये सुमारे दुपटीने अधिक होते. उलट 2022 च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार भारतात झालेल्या 1,70,924 आत्महत्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पुरुषांच्या होत्या. या आकड्यांमागे कर्ज, व्यसन, आजार अशी पुष्कळ कारणे आहेत. सारा भार चिंतेवर टाकता येणार नाही. तरीही मदत मागणे पुरुषाला किती जड जाते, याचा काही अंदाज यावरून येतो.

मग आपण करायचे काय? शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञाचा आव आणू नये. पण काही गोष्टी त्याच्या आवाक्यात आहेत. चिंता टाळाटाळीवर पोसली जाते : परीक्षा चुकवली की त्या दिवशी सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेनेच पुढच्या वेळचे भय वाढते. म्हणून तोंडी परीक्षेची तालीम आधी एका मित्रासमोर, मग तिघांसमोर, अशा पायऱ्यांनी घेता येते. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती तर भाषेच्या माणसाला जवळची वाटावी. ‘मी उत्तीर्ण झालोच पाहिजे’ आणि ‘मी उत्तीर्ण झालो तर बरे’ या दोन वाक्यांतील अंतर आपल्याला समजावून सांगता आले पाहिजे. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, दारूचा आधार लागू लागला किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर मात्र वेळ न दवडता डॉक्टरांकडे पाठवावे. 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही शासकीय दूरध्वनीसेवा विनामूल्य उपलब्ध आहे, हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला काय हरकत आहे?

यंदाही मी ‘कोसला’ शिकवतो आहे. परात्मता हा शब्द येतोच. पण त्याआधी एक तास धाकधूक, धास्ती, घालमेल या शब्दांना देतो. कोणी बोलतो, पुष्कळसे बोलत नाहीत. जिन्यात कोणी थांबलाच, तर मी आता पाठीवर थाप मारत नाही. “काही नाही सर” या उत्तरानंतरही थोडा वेळ तिथेच उभा राहतो.